किटोआजोबांचं अक्षर

काटा ताटलीवर वाजला आणि मी सिंकपाशी होते तिथेच थांबले. वळून बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की टेगनचा हात थांबतो, हे मला आता कळून चुकलं होतं. घर इतकं शांत होतं की छपरावरून बर्फाचा थर घसरल्याचंही ऐकू आलं. हातातला कप तसाच धरून मी वाट पाहिली. चावल्याचा आवाज येईल, निदान घोट गिळल्याचा तरी.

आला नाही. वळले तेव्हा तिने काटा ताटलीच्या कडेला नीट आडवा ठेवला होता, दोन्ही हात मांडीवर घेतले होते आणि ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली होती. मॅकरोनीवरच्या चीजवर गार होऊन साय धरली होती.

"झालं माझं," ती म्हणाली. सुरुवातच झाली नव्हती.

पाच वर्षांची माझी पोर. जानेवारी लागल्यापासून हे असंच चाललं होतं. सकाळी अर्धा पेला दूध, दुपारी एखादं बिस्कीट, तेही मी कुशीत घेऊन काहीबाही गोष्ट रचत असताना तिच्या नकळत तोंडात गेलं तर. आंघोळ घालताना तिच्या पाठीवर साबण लावायला मला धीर होत नसे. हाताला नुसते मणके लागायचे, माळेतल्या मण्यांसारखे. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, ओरडल्या नाहीत. लहान मुलांचं दुःख पोटात जाऊन बसतं, म्हणाल्या, ते आपणहून उठेपर्यंत थांबावं लागतं. पण फार थांबता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. येत्या पंधरवड्यात वजन वाढलं नाही, तर शहरातल्या इस्पितळात ठेवून नाकातून नळी घालायची.

वेंडेल, माझा नवरा, बर्फ उपसायची गाडी चालवतो. हिवाळाभर पहाटे जातो आणि दिवेलागणीला येतो. त्या दिवशी दवाखान्यातून निघताना तो म्हणाला की नळी घालताना तिला मी धरेन, तू आत येऊ नकोस. आणि मग बराच वेळ गाडी सुरूच न करता बसला.

टेगनचं दुःख म्हणजे किटोआजोबा.

आमच्या सेंट पेट्रॉक चर्चचा एक जुना शिरस्ता आहे. दर गुरुवारी सकाळी आम्ही बायका चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात जमतो आणि गावातल्या घराबाहेर न पडू शकणाऱ्या माणसांसाठी पास्ट्या करतो. आमचे पणजे-खापरपणजे समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून इथे तांब्याच्या खाणीत राबायला आले. खाण कधीच बंद पडली, पास्टी तेवढी उरली. जाडसर पारी लाटायची, गोमांस, बटाटा, कांदा आणि पिवळं सलगम बारीक चिरून सारण भरायचं, अर्ध्यात दुमडून कडेने मुरड घालायची. आणि एका कोपऱ्यात, पिठाच्याच बारीक वळ्या करून, ज्याने खायची त्याच्या नावाचं पहिलं अक्षर चिकटवायचं. खाणीच्या अंधारात ज्याला त्याला आपली ओळखू यावी म्हणून हे सुरू झालं. आता एवढ्यासाठी, की कुणाला मीठ चालत नाही, कुणाला कांदा, त्याची त्याला जावी.

पास्टी दाराला अडकवून यायचं नाही, हा दुसरा नियम. आपलीही एक बरोबर न्यायची आणि मांडीला मांडी लावून जेवायचं. समोरचं माणूस बसेपर्यंत आपण घास मोडायचा नाही. खाणं हे निमित्त, बसणं हे काम, असं मदर ऑगस्टा म्हणतात. मदर ऑगस्टा म्हणजे आमच्या पाळकबाई, तीन नातवंडांच्या आजी, बर्फातले बूट घालूनच वेदीपर्यंत जाणाऱ्या.

किटोआजोबा माझ्या वाट्याला आले होते. बायको जाऊन युग लोटलेलं, पोटी मूलबाळ नाही, गुडघे गेलेले. टेगन चालायला लागायच्या आधीपासून माझ्याबरोबर तिथे यायची. मग ती त्यांच्याशी पत्ते खेळायला लागली. ते लबाडी करायचे आणि ती त्यांच्याहून सवाई लबाडी करायची. दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "थांबा, आलोच," आणि मग काठीची ठकठक. ते येऊन पडवीतल्या बाकावर टेकले की टेगन त्यांच्या पास्टीवरचं फडकं काढायची. पास्टी ते नेहमी उलट्या बाजूने खायचे आणि अक्षराचा कोपरा ठेवून द्यायचे. तो खाली राहिलेल्यांचा, म्हणायचे. खाणीत खाली राहिलेल्यांचा.

नव्या वर्षाच्या पहिल्याच गुरुवारी आम्ही दार वाजवलं आणि मला काही ऐकू आलं नाही. दाराला आतून कुलूप. समोरच्या घरी किल्ली असायची, म्हणून टेगनला पडवीतल्या बाकावर बसवून, पास्ट्यांची पिशवी तिच्या मांडीवर देऊन मी रस्ता ओलांडला. परत आले तर ती म्हणाली, "आजोबा येतायत. थांब म्हणाले." आत ते खुर्चीत होते, मान छातीवर. नंतर कळलं की जीव आदल्या संध्याकाळीच गेला होता. सवयीने बोलली असेल पोर, असं मला त्या वेळी वाटलं.

त्यांना पुरून झाल्यावरच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात गेले नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेले, कारण घरात बसून तिच्या मनगटांकडे बघत राहणं मला होईना.

तळघरात नेहमीसारखीच ऊब होती. लव्हडेबाई टेबलाच्या टोकाशी उभ्या राहून पाऱ्या तपासत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, जीभ सुरीसारखी, आणि या स्वयंपाकघरात मदर ऑगस्टांचंही त्यांच्यापुढे चालत नाही. डॉर्कस माझ्या शेजारी. तिचं तोंड हाताहून जास्त चालतं. लव्हडेबाईंच्या मुरडीला ती जहाजाचा दोर म्हणाली, आणि माझं एक 'एस' अक्षर बघून, मेरिन, पिठात अळी पडलीय गं तुझ्या, म्हणाली. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असेन. टेगन पिठाच्या पिंपावर बसून पाय हलवत होती. डॉर्कसने तिच्या हातात सारणातला बटाट्याचा तुकडा दिला तो तिने मुठीत धरून ठेवला होता. माझं लक्ष त्या मुठीकडे होतं. ती तोंडाकडे जाते का, एवढंच मी बघत होते. हात आपले काम करत होते. लाटी, पारी, सारण, मुरड. एक उभी वळी, दोन तिरक्या.

ट्रे ओव्हनमधून निघाला तेव्हा लव्हडेबाई नेहमीसारख्या एकेक पास्टी उचलून ज्याच्या त्याच्या पिशवीत घालत होत्या. एका पास्टीपाशी त्यांचा हात थबकला.

"हे कुणी घातलं?"

आम्ही सगळ्या वाकून पाहिलं. 'के'. छान सोनेरी भाजलेलं. आमच्या सगळ्या घरांत त्या अक्षराचं आता कुणी नव्हतं.

मीच, म्हटलं. हाताने घातलं गेलं. वर्षानुवर्षांची सवय, हाताला कोण सांगणार की माणूस गेलं म्हणून. डॉर्कस म्हणाली, कोपरा मोडा आणि द्या दुसऱ्या कुणाला तरी, अन्न वाया का घालवायचं. तिने हात पुढे केलासुद्धा. लव्हडेबाईंनी ट्रे मागे ओढला.

त्यांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि माझी आजीही याच गावची. खाण चालू होती तेव्हा असं व्हायचं, म्हणाल्या. माणूस खालीच गाडला गेलेला असायचा, आणि बायको पहाटे अर्धवट झोपेत उठून त्याचं अक्षर घालून बसायची. भाजलेलं अक्षर मोडायचं नाही. दुसऱ्याने त्याला तोंड लावायचं नाही, फेकायचंही नाही. ज्याचं त्याच्या जागी नेऊन ठेवायचं, आणि मागे न बघता घरी यायचं. मग गेलेलं माणूस त्याचं काही मनावर घेत नाही.

"एकदा घातलंस ती चूक झाली, पोरी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा घातलंस तर ते आमंत्रण."

डॉर्कस म्हणाली, बरंच की, नाहीतरी आपल्या चर्चला आपणहून येतंय कोण. त्यावर कुणी हसलं नाही.

मदर ऑगस्टा कॉफी घ्यायला खाली आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पास्टीवर हात धरून छोटी प्रार्थना केली. टेगनला घेऊन जा, म्हणाल्या, पोरीला त्यांचा नीट निरोप घेऊ दे, प्रेतविधीच्या वेळी ती नुसती माझ्या बुटांकडे बघत होती. त्यांच्या मनात चांगलंच होतं. मलाही ते पटलं.

किटोआजोबांचं घर बंद होतं. ॲरिझोनातला पुतण्या उन्हाळ्याच्या तोंडावर येऊन विकणार होता. रस्त्यापासून पडवीपर्यंत बर्फ माझ्या गुडघ्याएवढं, टेगनच्या कमरेएवढं. मी पुढे होऊन वाट पाडली, ती माझ्या पावलांत पाऊल टाकत आली. बाकावरचं बर्फ हाताने लोटून फडक्यात गुंडाळलेली पास्टी तिथे ठेवली आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं. टेगनने आमेन म्हटलं. मी वळले, आणि पाठीमागे पावलं आली नाहीत.

ती बाकावर बसली होती. स्वतःची पास्टी पिशवीतून काढून मांडीवर घेतलेली, बंद दाराकडे डोळे लावलेले. लवकर चल म्हणायला मी तोंड उघडलं तेवढ्यात ती जरा बाजूला सरकली. कुणी बसायला आलं की आपण अंग चोरून जागा करतो, तशी. मग तिने पास्टी दोन्ही हातांत धरली आणि चावा घेतला.

मी बर्फात तशीच गुडघ्यांवर बसले. हलले तर थांबेल. बोलले तर थांबेल. तिच्या हनुवटीवरून सारणाचा रस ओघळत होता, गाल फुगले होते, आणि मधूनमधून ती मान हलवून हं, हं म्हणत होती. अर्धी पास्टी संपवली तिने. मग हात कोटाला पुसले आणि मला म्हणाली, "उशीर झाला त्यांना. पण आले."

माझ्या हातातली माझी पास्टी थंडीने दगड झाली होती. त्यांच्या फडक्यातून वाफ येत होती. फडकं जाड आहे, असं मी मनाशी म्हटलं आणि पोरीला कडेवर घेऊन घरापर्यंत रडत आले. आनंदानेच रडले. ते लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी वेंडेलला सांगितलं की त्या रस्त्यावर जाशील तेव्हा माझं फडकं घेऊन ये. त्याने संध्याकाळी ते टेबलावर ठेवलं. चार पदरी घडी, कडेला कड जुळवलेली. उघडली तर आत 'के'चा कोपरा, बाकी काही नाही. एक चुरासुद्धा नाही.

"तुमच्याकडची खार भलतीच शिस्तीची निघाली," वेंडेल म्हणाला, आणि बूट काढायला वाकला. मग म्हणाला की पडवीपर्यंत तुमच्या दोघींच्याच पावलांचे ठसे होते. जाताना दोघींचे, येताना तुझे एकटीचे.

घरी पुन्हा तेच. शुक्रवार, शनिवार, काटा ताटलीच्या कडेला आडवा. रविवारी उपासनेनंतर कॉफीला सगळी मंडळी थांबते, तिथे जो तो तिच्या हातात काही ना काही देत होता. केक, संत्र्याची फोड, डॉर्कसने तर खिशातून चॉकलेट काढलं. ती थँक्यू म्हणायची आणि ते खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडून ठेवायची. आपलं मूल गावाच्या डोळ्यांदेखत झडताना बघणं म्हणजे काय, ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको.

त्या संध्याकाळी टबात तिच्या केसांवर पाणी घालताना मी विचारलं, तिथे जेवलीस, मग इथे का नाही गं?

तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तिथे ते बसले होते. इथे कुणी बोलावलंच नाही त्यांना. ते मला थांब म्हणालेत ना? सगळे बसल्याशिवाय खायचं नसतं."

मी तिला समजावलं. आजोबा वारले, देवाघरी गेले, आता ते जेवायला यायचे नाहीत, त्यांनी थांब म्हटलं असेल ते तुला भास झाला असेल. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ओला हात माझ्या गालावर ठेवला, मी तिची समजूत काढताना ठेवते तसा, आणि म्हणाली, "माहितीये मला."

पुढच्या शुक्रवारी दवाखान्यात जायचं होतं. बॅग भरून ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं. मी तिचे मोजे, तिचा कापडी कोल्हा, तिची उशी बॅगेत घातली. गुरुवारी सकाळी तळघरात गेले तेव्हा काय करणार ते मला ठाऊक होतं. या वेळी हाताने आपोआप काही केलं नाही. मी पीठ घेतलं, वळ्या केल्या. एक उभी, दोन तिरक्या, आणि अंगठ्याने नीट दाबल्या.

मान वर केली तर लव्हडेबाई समोर.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं. अक्षर तर दिसतच होतं.

"टेगनसाठी."

त्यांनी पिठाच्या पिंपाकडे पाहिलं. टेगनने बाही वर सारली होती आणि पिठात बोटाने काही तरी काढत होती. तो हात त्यांनी पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बोलावणं आपल्या हातात असतं, मेरिन," त्या हळूच म्हणाल्या. "पाहुण्याने कुठे बसायचं आणि कधी उठायचं, ते नसतं."

मी म्हटलं, उद्या नाकातून नळी घालणार आहेत.

त्यांनी बाकीच्या पास्ट्या आपल्या ट्रेमध्ये मांडल्या. फक्त ती एक त्यांनी घेतली नाही. तुझी तू ओव्हनमध्ये घाल, तुझी तू काढ, म्हणाल्या. डॉर्कसला ऐकू गेलं असावं, कारण त्या सकाळी ती पुढे कुणाचीच चेष्टा करेना.

रात्रभर बर्फ पडलं होतं. आमची आठवड्यापूर्वीची वाट बुजून गेली होती, पडवीच्या पायऱ्यासुद्धा दिसत नव्हत्या. बाक मात्र स्वच्छ होता. लाकूड कोरडं, जणू कुणी आत्ताच बाहीने पुसून ठेवलंय. टेगन एका टोकाला बसली. मी दुसऱ्या टोकाला बसले. मधली जागा आम्ही दोघींनी काही न बोलता सोडली. त्या जागेवर मी पास्टी ठेवली, फडकं टेगनने काढलं.

त्या बाकाची फळी मला माहीत आहे. मधे कुणी टेकलं की टोकं जराशी वर येतात. माझं टोक वर आलं.

मी समोर बघत राहिले. रस्ता, पलीकडचं घर, त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर. ओल्या लोकरीचा वास आला आणि मागोमाग पाइपच्या तंबाखूचा. भीती वाटली का? वाटली असेल, पण तेव्हा ती कुठे तरी लांब होती. कितीतरी गुरुवार मी या माणसाशेजारी काही न बोलता बसले होते, हेही तसंच होतं. जेवताना त्यांची कवळी टक्कन वाजायची. ती वाजली. तेव्हा मात्र माझ्या तोंडातला घास फिरला. तरी मी तो गिळला, कारण ज्याच्यासोबत बसायचं त्याच्याबरोबर खायचं, यासाठीच तर आम्ही जातो.

टेगनने अख्खी पास्टी खाल्ली. बोटं चाटली.

उठायच्या आधी मी समोर बघतच म्हटलं, "मिस्टर किटो, तिला सांगा, आता थांबू नकोस म्हणून. तुमचं ऐकते ती."

टेगन कशाला तरी हसली.

परत येताना तिचा एक हात माझ्या हातात होता. दुसरा तिने अंगापासून जरा दूर आणि वर धरला होता, हातमोज्याची मूठ वळलेली.

शुक्रवारी वजन वाढलेलं निघालं. थोडंच, पण वाढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा वजनकाट्यावर उभं केलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इस्पितळाचं पुढे ढकललं. बॅग तशीच गाडीत मागे राहिली. त्या संध्याकाळी टेगनने स्वतः टेबल मांडलं. चार ताटल्या. चौथी तिच्या समोरच्या खुर्चीपुढे. मी काही विचारलं नाही. पातेलं आणलं आणि चारी ताटल्यांत वाढलं.

ती जेवली. मटार आधी वेचून खाल्ले, मग पावाने रस्सा पुसून घेतला. वेंडेल डोळे मोठे करून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो थकूनभागून आला आणि नेमका त्याच खुर्चीत बसायला गेला, तर ती म्हणाली, "तिथे नको बाबा, मांडीवर बसशील त्यांच्या." तो हात जोडून माफी मागत उठला. लहान मुलांचा असतो असा मनातला मित्र, चांगलं लक्षण आहे, असं डॉक्टरीणबाईंनीही फोनवर सांगितलं. जेवणं झाल्यावर ताटल्या मी उचलते. ती चौथी ताटली पुसल्यासारखी रिकामी असते. पावाचा एक कोपरा तेवढा कडेला ठेवलेला असतो. खुर्चीची बैठक उबदार लागते, हे मी वेंडेलला सांगितलेलं नाही.

तिच्या गालांवर रंग आला. आंघोळ घालताना पाठीला हात लावला की आता मांस लागायचं, आणि मी साबण लावता लावता उगाचच पुन्हा लावायचे. एवढ्यावर मी रोज चौथी ताटली मांडत गेले. रोज.

रविवारी मदर ऑगस्टांनी वेदीपाशी टेगनसाठी देवाचे आभार मानले आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आमच्या चर्चमध्ये सहसा कुणी टाळ्या वाजवत नाही. लव्हडेबाई पुढच्या बाकावर होत्या, त्यांनी वाजवल्या नाहीत. नंतर कॉफीच्या गर्दीत त्यांनी माझा हात धरून मला कोटांच्या खुंट्यांपाशी नेलं.

"कुठे बसतो तो?"

मी म्हटलं, तिच्या समोर.

"शेजारी नाही ना?"

"नाही."

"समोर आहे तोवर पाहुणा," त्या म्हणाल्या, माझा हात न सोडताच. शेजारी बसला तर काय करायचं, हे मी विचारलं. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्या आजीने त्यापुढचं काही सांगितलं नव्हतं.

काल मी रश्श्याचं पातेलं घेऊन वळले तेव्हा टेगनच्या समोरच्या बाजूला चौथी ताटली नव्हती. खुर्चीही नव्हती. ती टेगनच्या शेजारी, तिच्या खुर्चीला अगदी चिकटून लावलेली होती, ताटलीही तिकडेच. जड खुर्ची आहे ती, ओकच्या लाकडाची, टेगनला जागची हलवता येत नाही. वेंडेल अजून आला नव्हता. खिडकीबाहेर त्याच्या गाडीचा पिवळा दिवा लांबवर फिरताना दिसत होता.

"तू ओढलीस?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही. मी चारही ठिकाणी वाढलं. थोडं टेबलावर सांडलं. ती भुकेली होती. पाव मोडून मोडून रश्श्यात बुडवत होती, मधेच डोकं त्या बाजूला कलतं करून ऐकत होती, आणि एकदा तर, इतकं मोठं, असं म्हणाली आणि हात पसरून दाखवलं. किती सुंदर दिसत होती ती. ओठांना लागलेला रस्सा, भरलेले गाल. माझ्या आईने मला जन्म दिला तो हे बघायलाच, असं वाटावं इतकी.

मी तिची खुर्ची माझ्याकडे ओढावी म्हणून हात पुढे केला. खुर्ची हलली नाही.

टेगनने शेवटचा घास खाल्ला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. परवानगी विचारताना पाहते तसं, भुवया जरा वर.

"आई, आपण त्यांना जेवायला बोलावलं ना? आता ते मला बोलावतायत, त्यांच्याकडे. मी जाऊ?"